तपासणी बाकी

साळुंखेसरांच्या खिशात कागदाचे तुकडे आणि चिकटपट्टी कायम असे. ज्या गोष्टीची स्वतः खात्री केली नाही, तिच्यावर ते ‘तपासणी बाकी’ अशी चिठ्ठी डकवत. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात ती भिंतीवरच्या घड्याळावर होती, पाण्याच्या फिल्टरवर होती आणि एकदा प्राचार्यांच्या ‘आदर्श महाविद्यालय’ या ढालीवरही होती. ती मात्र मला पटली होती.

सर भौतिकशास्त्राचे, मूळ उंब्रजचे, मी मराठीचा. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्या, हे मी त्यांच्याकडून चहाबरोबर शिकलो. खूप दूर अशा दीर्घिकांचे समूह असतात आणि त्यांत लंबवर्तुळाकार दीर्घिका असतात. तिथले तारे म्हातारे, लालसर; नवे घडवणारा थंड वायू संपत आलेला. एका मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांत सरांना अशाच एका दीर्घिकेवर निळसर झाक दिसली. निळं म्हणजे कोवळे, तापलेले तारे.

“गड्या, तिथं आजून तारं जन्मत्यात!” ते म्हणाले. मग घोटभर चहा घेऊन, “आसंल. न्हाई बी आसंल.”

त्यावर त्यांनी लिहिलेला शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र नियतकालिकाकडून आलं. सर निवृत्तीला आले होते आणि वर्षानुवर्षं अडलेली बढती याच निबंधावर मिळणार होती. कॉलेजने लगोलग सत्कार ठेवला. फ्लेक्स, फेटा, शाल, नारळ आणि दीर्घिकेला शेवटपर्यंत ग्रह म्हणणारे प्रमुख पाहुणे. मानपत्र मी लिहिलेलं: ‘मृत दीर्घिकेत नवे तारे शोधणारे’ वगैरे.

सरांनी ते वाचलं आणि खिशात हात घातला. भर स्टेजवर त्यांनी मानपत्राच्या काचेवर चिठ्ठी डकवली आणि माईक धरला. “वाटंत दुसरीच एखादी दीर्घिका आडवी आली आसंल, त्यो उजेड तिचा आसंल. उजेडाचं रंग सुटं करून, वर्णपटावरनं त्याचं अंतर बघितल्याबिगर मी काय बोलणार न्हाई. निबंध सकाळीच मागं घेतलाय.”

टाळ्या वाजल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

स्टेजमागे मी त्यांना गाठलं. “अहो सर, ‘शक्यता आहे’ असं लिहून छापतात की सगळे! बढती गेली ना!”

“गेली.”

“आणि वर्णपट कधी मिळणार?”

“दुर्बिणीवर पाळी लागंल तवा.”

पाळी लागली तेव्हा सर वारून वर्ष झालं होतं. बढती न मिळताच निवृत्त झाले आणि उंब्रजला गेले ते तिथेच. वर्णपट घेतला त्यांच्या विद्यार्थिनीने, वैशालीने. प्रकाश त्याच दीर्घिकेचा होता, नव्या ताऱ्यांचा. सर पहिल्यापासून बरोबर होते. ही बातमी सरांच्या पत्नीला, काकूंना, सांगायला आम्ही दोघं उंब्रजला निघालो आणि वाटभर मी मेलेल्या माणसावर चिडत राहिलो.

घरात मानपत्र भिंतीवर होतं, चिठ्ठीसकट. काकूंनी सगळं ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत गेल्या. वैशाली खुर्चीवर चढून चिठ्ठीचं टोक नखाने सोडवू लागली.

आतून काकूंचा आवाज आला, “आगं, हात नगं लावूस त्याला! त्यांनी कुठं बघितलंय आजून?”