अक्काच्या घरातला वास

खोली भाड्यानं देताना अक्काचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरचं काय खावंसं वाटतं तुला?" भाडं, पासपोर्ट, सगळं नंतर. माझी ही आत्या म्हैसूरच्या गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांचे कपडे शिवायची आणि वरची खोली त्यांनाच द्यायची.

जपानच्या युकोनं सांगितलं, "नात्तो." म्हणजे सोयाबीन उकडून, भाताच्या पेंढ्यात बांधून, उबेत आंबवायचं. त्याला तार सुटते, आणि वास? अगं बाई, पावसात भिजलेल्या मोज्यांचा! सगळं म्हैसूर पालथं घालूनही मिळेना, तेव्हा पोरीनं जेवणच टाकलं. अक्कानं जवळच्या एच. डी. कोट्याहून पेंढा मागवला, चिंध्यांची जाड गोधडी शिवली आणि पेंढ्यात बांधलेल्या सोयाबीनचं गाठोडं तिच्यात गुंडाळून ठेवलं. पहिल्या घासाला युको ढसाढसा रडली. अक्कानंही चाखलं आणि धावत जाऊन चूळ भरली. "मला नको गं बाई. तू खा, पोटभर खा."

वास खोलीत थोडाच राहतोय! अक्काकडे तीस वर्षं दर एकादशीला भजन व्हायचं. भजनी मंडळाचे पांडुरंगराव येऊन म्हणाले, "देवाच्या घरात हे सडकं? तिला काढा, नाहीतर आम्ही येत नाही."

अक्कानं शिलाई मशीन थांबवलंसुद्धा नाही. "विठोबालाही नाक आहे की. सोसत नसेल तर तो जाईल उठून. तुम्ही सुम्मने, गप बसा, राव."

मी घाबरून तिचा पदर ओढला. "अक्का, एका भाडेकरूसाठी?"

"साकू! पुरे तुझं! आपले वाडवडील देशावरून या भाताच्या मुलखात आले, तेव्हा त्यांना ज्वारीची भाकरी थापताना बघून शेजारी हसलेच असतील. म्हणून सोडली त्यांनी?"

त्या एकादशीला कुणी फिरकलं नाही. अक्का एकटीच खड्या आवाजात गायली. युको टाळ वाजवत होती, एकही ठेका धड नाही. मी आतल्या खोलीत लपले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

युको मायदेशी परतली. गेल्या वर्षी अक्काही देवाघरी गेली; वरची खोली आता मी भाड्यानं देते. परवा पांडुरंगराव आले. "आता पुन्हा इथंच भजन करू. पण वरच्या कोरियन मुलीची ती आंबवलेल्या कोबीची बरणी तेवढी हलवा."

या वेळी मी उंबऱ्यातच उभी राहिले. म्हणाले, "बरणी तिथंच राहील, काका. वास सोसत असेल तर या."

ते गेल्यावर मी टाळांचे दोन जोड काढून पुसले. एक माझ्यासाठी, एक वरच्या पोरीसाठी.