पंखा बंद करून

आमचे कॉफीमामा देवापुढे कधी उदबत्ती लावत नसत, खिडकीपुढे लावत. पेटती उदबत्ती हातात धरून ते ओट्यापासून दारापर्यंत हळूहळू फिरत आणि धूर कुठे वळतो ते बघत. घरात पाहुणे असले तरी फेरी चालूच. मामी पाहुण्यांना सांगायची, "भक्ती नाय हो, हवा बघून राहिले."

कंपनीने काही वर्षं दक्षिणेत पाठवलं होतं, तिथून मामा कॉफी भाजायचा नाद घेऊन नाशकात परतले. निवृत्त झाल्यावर तर रानच मोकळं झालं. हिरव्या बिया कुरिअरने यायच्या आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी लोखंडी कढईत भाजल्या जायच्या. "बी तडतडली की थांबायचं. त्यापुढे कॉफी नाही, कोळसा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहावर वाढलेली आम्ही भाचरं तो कडू काढा गिळून "मस्त" म्हणायचो. न म्हणून सांगता कुणाला, मामा आमच्या तोंडाकडे टक लावून बसलेले असायचे.

मग मामीला दम्याने गाठलं. भाजण्याच्या धुराने ती एकदा अशी घुसमटली की मामांनी कढई उचलून माळ्यावर टाकली. मामीनेच ती खाली काढायला लावली. "तुमचा एवढा एकच नाद हाय. तो सोडून दिवसभर माझ्याकडं बघत बसू नका," म्हणाली. तिला श्वास हवा आणि यांना कॉफी. एका घरात दोन्ही नांदावं म्हणून मामांनी तो जुगाड उभा केला.

स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे प्लायवूड बसवलं, त्याला गोल भोक पाडून एक्झॉस्ट पंखा लावला. पंख्यापासून शेगडीपर्यंत ॲल्युमिनियमची लवचीक नळी आणि तिच्या तोंडाला, कढईच्या वर टोपीसारखं, बुडाला भोक पाडलेलं उलटं पातेलं. पातेलं मामीच्या रुखवतातलं होतं. त्याला भोक पडताना ती एक शब्द बोलली नाही. यावरून काय ते समजा.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. धूर पसरू नये म्हणून मामांनी घराची सगळी दारं आणि खिडक्या कडेकोट बंद केल्या होत्या. आत हवाच येईना, तर बाहेर काय जाणार? पंखा नुसता घरघरत राहिला. पुन्हा उदबत्तीच्या फेऱ्या झाल्या, आणि मामीच्या पलंगाजवळची खिडकी थोडी उघडी ठेवली की धूर मुकाट बाहेर जातो असा शोध लागला. "म्हणजे ताजी हवा आधी तुला, मग माझ्या कढईला," मामा तिला म्हणाले. इतकं प्रेमाचं वाक्य त्यांच्या तोंडून मी दुसरं ऐकलं नाही.

जुगाड इतका चोख झाला की मामीच्या खोलीत धूर तर सोडाच, कॉफीचा वासही पोचेना. गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा एका सकाळी माझ्यासमोरच मामांना म्हणाली, "अहो, एकदा पंखा बंद करून भाजा की. तो वास लय आवडायचा मला. तुम्ही दक्षिणेतून यायचे ना, तर बॅगेतल्या कपड्यांलाबी यायचा."

मामा चिडले. "वेड लागलंय का? आधी बरी हो, मग भाजतो."

ती बरी झाली नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. ताटकळावं लागलं नाही, मामी समाधानाने गेली, असं जो तो म्हणू लागला. मामा तेवढे पिंडाकडे बघत राहिले.

"खोटं आहे," ते मला म्हणाले. "तिची इच्छा राहिली होती गं. चारचौघांत मला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून शिवू दिला तिने."

घरी आल्यावर ओलं धोतरही न बदलता त्यांनी गॅस पेटवला. पंखा लावला नाही. कढईवरचं पातेलं बाजूला सारलं आणि मामीच्या खोलीचं दार सताड उघडलं. बघता बघता तिथे धूर भरला. माझे डोळे चुरचुरायला लागले, मी तिच्या खिडकीकडे धावले, तर मामांनी माझा हात धरला. रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून ते खोकत होते आणि रडत होते.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "तिला येऊ दे जरा वास."