ठेवणीतला शब्द

पणजीच्या एका दातांच्या डॉक्टरने आमच्या सरांना फसवलं. सही सरांनीच केली, मग फसवणूक कसली, असं ज्याला वाटतं त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

सर डिचोलीला एकटेच राहत. शिकले पोर्तुगीज शाळेत. मुक्तीनंतर इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हा घरी पुस्तकं वाचून इंग्रजीचे मास्तर झाले. त्यामुळे त्यांना इंग्रजीतले लांबलचक शब्द आधी आले, लहान मागाहून. चावण्याला पोर्तुगीजमध्ये 'मास्तिगार', म्हणून 'मॅस्टिकेट' त्यांना घरचाच वाटला. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे चहा आणि कडक उंडो पाव ठेवून सर अदबीने म्हणाले होते, "प्लीज मॅस्टिकेट स्लोली." साहेबांना हसू दाबताना ठसका लागला.

ही फजिती त्यांनी स्वतःच मला सांगितली. मी सावंतवाडीकडून सुर्लाला खनिजाचा ट्रक चालवायला आलो होतो. स्वतःचा ट्रक घ्यायचा तर करारातलं इंग्रजी कळायला हवं, म्हणून रविवारी त्यांच्याकडे बसायचो. सर म्हणाले, "अर्थ एकच रे बाब, चावणं. पण घरात 'च्यू' म्हण. मॅस्टिकेट हा ठेवणीतला कोट. डॉक्टरच्या कागदावर शोभतो. जेवायला बसताना कोट घालतात काय?"

शिकवणी संपली की जेवायला माझ्या खोलीवर येत. एकेक घास सावकाश चावत आणि मधेमधे बोलत. एकट्याचं जेवण पोटात जातं, पण अंगाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग दात गेले. पणजीला कवळी केली. डॉक्टर घाईत होता. कवळी तोंडात बसवण्याआधीच त्याने कागद पुढे केला. सहीआधी कागद दोनदा वाच म्हणून माझ्यावर ओरडणाऱ्या सरांनी न वाचता सही केली. शिकलेल्या माणसासमोर कागद वाचत बसणं त्यांना बरं दिसेना.

कवळीने हिरड्या सोलल्या. सरांचं रविवारचं येणं बंद झालं. बोलावलं की म्हणत, आत्ताच जेवलो. एका दुपारी मी न कळवता गेलो. सर भिंतीकडे तोंड करून गाळलेली पेज पीत होते. मला बघताच त्यांनी पंचाने तोंड झाकलं. मी दार ओढून घेतलं आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून कवळी मागून घेतली आणि पणजी गाठली. मी भल्याभल्या खाणवाल्यांना नमवलंय. त्या दवाखान्यात माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. डॉक्टरने शांतपणे कागद काढला. 'मॅस्टिकेशन : सॅटिसफॅक्टरी.' म्हणजे चावणं समाधानकारक. खाली सरांची वळणदार सही.

"इंग्रजीचे मास्तर ना ते? मग त्यांना अर्थ ठाऊक असणारच," तो म्हणाला.

सर त्याच वर्षी गेले. शेवटपर्यंत कुणाच्या पंक्तीला बसले नाहीत.

सही सरांची, हे मी नाकारत नाही. पण ती ओळ ज्याने लिहिली, त्याने डिचोलीला यावं आणि चार माणसांत सांगावं: सरांना एक घास तरी चावताना त्याने पाहिलं होतं काय?