दिवाळसणात मागितलेला सिनेमा

एक जुना इंग्रजी नाचगाण्याचा सिनेमा मी आजवर पाच वेळा पाहिला आहे. त्यातलं इंग्रजी तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. गोष्ट तर एवढीशी. पण नायक टाचा आपटत नाचायला लागला, की आपलं सगळं बरं चाललंय असं मला उगाच वाटायला लागतं.

पहिल्यांदा पाहिला तो लग्नाआधी, एकट्यानं. लग्न झाल्यावर मनात घेतलं, की हा बायकोच्या शेजारी बसून पाहायचा. पण आमच्या भरल्या घरात दोघांनीच सिनेमाला निघायचं, हे बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून पहिल्या दिवाळसणाला कुंडलला, सासुरवाडीत, मी डाव टाकला. जावयानं ताटावर रुसायचं आणि सासऱ्यानं मागेल ते द्यायचं, ही तर रीतच. मी पाटावर बसून मान फिरवली.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. म्हणाले, "बोला पावणं. घड्याळ का सायकल?"

"सिनेमा," मी पुटपुटलो. "सांगलीत रविवारी सकाळी हाय. इंग्रजी. हिला दाखवायचाय."

"आवं, सायकल मागा की!" सासूबाई कळवळल्या. "सिनेमा काय घरी नेता येतोय व्हय?"

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "दिला. समदीच जाऊ."

थिएटरात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बायको पार तिकडं आणि माझ्या शेजारी सासरे!

"निस्त्या उड्या मारत्यात. ह्यास्नी कामधाम न्हाई का?" ते गुरगुरले. मग तो नाच सुरू झाला आणि ते ताठ झाले. "आवं पावणं, बुटाला नाल हाय त्याच्या! परेडला आमचा असाच आवाज. पर ह्यो गडी एकटा अख्खी पलटण वाजवतोय!" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत त्यावर ठेका धरला. ज्या हातासाठी मी सायकलीवर पाणी सोडलं, तो हात काही हा नव्हता.

बाहेर आल्यावर मी बायकोला हळूच विचारलं, "कसा वाटला?"

"आवं, सिनेमा पुढं पडद्यावर चालला व्हता," ती पदराआड हसली. "तुमी सारखं आमच्याकडं काय बघत व्हता?"

मी ओशाळलो. एस.टी. बरीच पुढं गेल्यावर डोक्यात उजेड पडला: हिला हे दिसलं कसं? म्हणजे पडद्याकडं तीही बघत नव्हती.