तो आकडा मी लिहिणार नाही

या सदराचा मी जुना वाचक आहे, पण इथल्या हकिकती मी आजवर करमणूक म्हणूनच वाचल्या. भूत, चकवा, करणी... आमच्या गावाकडे हे सगळं भरपूर, पण माझा कधी विश्वास बसला नाही. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. करतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी एकटाच. योगायोग म्हणजे काय, हे गणितात मांडता येतं, मग बाकीच्या गोष्टी हव्यात कशाला, असं मला वाटायचं. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो आहे.

संपादकांना एक विनंती — या मजकुरात कुठेही आकडा घालू नये. तारीख, वर्ष, बसची वेळ, काहीही. मीही लिहिणार नाही. कारण पुढे कळेल. काळ अलीकडचाच आहे. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले, घरोघरी केबल आली, तेव्हाचा.

आम्ही मूळचे तासगावकडचे. वडील मी लहान असताना गेले. थोरला भाऊ — आण्णा — सांगलीत एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. मला शिकवलं त्यानेच. त्याच्या भाड्याच्या खोलीत तो, वहिनी, त्यांची लहान मुलगी पिंकी आणि मी राहायचो. आण्णा निर्व्यसनी म्हणून ओळखला जायचा, तंबाखूही खात नव्हता. पण तो मटका खेळायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आधी निघतो तो ओपनचा आकडा आणि नंतर निघतो तो क्लोजचा, दोन्ही मिळून जोडी होते. ती आधी ओळखायची, एवढाच खेळ.

पण तो खेळ डोक्यात राहायला येतो. आण्णाला सगळीकडे जोड्या दिसायच्या. ट्रकची नंबरप्लेट, स्वप्नात आलेला साप, मयताची वेळ. त्या हिवाळ्यात पिंकी तापाने फणफणली होती. वहिनीने थर्मामीटर काढला, आण्णाने तो हातात घेतला, निरखून बघितला आणि चपला घालून बाहेर गेला. वहिनीला वाटलं, डॉक्टरला आणायला गेला. तो परत आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"आवं, पोरीच्या तापावर आकडा लावलासा तुमी?"

ताप उतरल्यावर वहिनी पिंकीला घेऊन कवठे महांकाळला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "बोलवायला येऊ नगा. सुटलं की मला कळंल."

आण्णाला सोडायचं होतं. सुटत नव्हतं. मी कॉलेजच्या वाचनालयात एका पेपरच्या कोपऱ्यात वाचलं होतं की दारू सोडलेल्या लोकांच्या बैठका सांगलीत भरतात. मटक्यासाठी तसं काही असतं का, हे विचारायचं कुणाला? शेवटी धीर करून मी आण्णाला तिथेच घेऊन गेलो. एकेक जण उठून आपलं सांगत होता. आण्णाची पाळी आली.

"मी दारू पीत न्हाई," आण्णा म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"मटका हाय माझा."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग घे की जरा जरा, हितं बसायला तरी इशील!"

सगळे हसले. आण्णाही हसला. कित्येक दिवसांनी. बैठक संपल्यावर तोच गृहस्थ जवळ येऊन म्हणाला, "साताऱ्याला बैठक भरती बघा मटकेवाल्यांची. दर रविवारी, शाळंत. माझा मेव्हणा जातो. लांब पडंल, पर जावा."

आण्णा ज्या बाजारावर खेळायचा तो रविवारी बंद असे. त्यामुळे रविवारी त्याचे हात नुसते शिवशिवत राहायचे. सांगलीहून पहाटेची एसटी धरायची, इस्लामपूर, कराड करत साताऱ्याला उतरायचं, असं आम्ही सुरू केलं. मी सोबत जायचो, कारण तो वाटेत कुठेतरी उतरेल अशी मला भीती होती. हे त्यालाही कळत होतं. खिडकीची जागा तो मलाच द्यायचा.

बैठक लहान मुलांच्या वर्गात भरायची. बाक भिंतींना लावून गोल करायचे, गुडघे छातीशी यायचे. आत गेल्या गेल्या मला दिसलं की भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता उलटा करून टांगलाय. कॅलेंडरही उलटं.

"हितं आकडा बोलायचा न्हाई," तात्या म्हणाले. "कुठलाबी."

तात्या म्हणजे बैठक चालवणारे गृहस्थ. कोयनानगरला प्रोजेक्टवर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी स्वतःचं सांगितलं ते असं — "भूकंपाचा धक्का बसला की समदी घराभाईर पळायची. मी रेडिओकडं. किती रिश्टर सांगत्यात ते ऐकायला. घर पडलं का ऱ्हायलं, ते मागनं बघायचो."

त्यांच्या हातात वर्गातलं डस्टर असायचं. कुणाच्या तोंडून आकडा निसटला की ते टेबलावर आपटायचं. मग खडूची धूळ उडायची आणि सगळे हसायचे. मी कधीपासून खेळलो नाही, हे सांगायलाही आकडा नाही. कुणी म्हणायचं, गौरी उठल्यापासून. कुणी म्हणायचं, भावाचं लगीन झाल्यापासून. चहावाला दारातून विचारायचा, "किती?" मंडईत भाजी विकणाऱ्या शेवंताबाई ओरडायच्या, "हाईत तेवढ्यांना आण की बाबा! दर बारीला काय इचारतोस!" शेवंताबाईही खेळणाऱ्याच. तोंडाने फटकळ, पण आण्णासाठी पिशवीत आठवणीने गाजरं आणायच्या.

आण्णाचं सुटलं. सुटल्यावर माणूस आनंदी होत असेल असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. तो कामाला जायचा, जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, "काय न्हाई. काईच हुईना, हेच हुतंय."

आता ती गोष्ट.

उन्हाळा सुरू झाला होता. बैठकीच्या सुरुवातीला सगळे डोळे मिटून शांत बसायचे. त्या रविवारीही बसलो. बाहेर मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. आणि माझ्या मागून, कानाच्या अगदी जवळून कुणीतरी एक जोडी बोललं. स्पष्ट. बाईचा आवाज की पुरुषाचा, सांगता येणार नाही. एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात ना... तसा, कामापुरता.

मी डोळे उघडून मागे बघितलं. मागे भिंत होती. माझी पाठ तिला टेकलेली होती.

मी तात्यांकडे बघितलं. आता डस्टर आपटणार. पण तात्यांचा हात डस्टरवर तसाच होता. डोळे मिटलेले. कुणीच हललं नाही. आण्णाही नाही. म्हणजे फक्त मलाच ऐकू आलं, असं मी समजलो. परतीच्या गाडीत मी बोललो नाही. आण्णा तर एरवीही बोलत नव्हताच.

सोमवारी संध्याकाळी कॉलेजवरून येताना आमच्या चौकातल्या पानटपरीपाशी सायकलची चेन पडली. टपरीच्या आतल्या फळीवर निघालेली जोडी खडूने लिहिलेली असते. मी एरवी तिकडे बघत नाही. त्या दिवशी बघितलं.

तीच होती.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मी चेन बसवत राहिलो. हाताला ग्रीस लागलं होतं, एवढंच आठवतं.

आण्णाला सांगायचं नाही, हे मात्र मी तिथेच ठरवलं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, आकडे कुठून तरी येतात, फक्त कान उघडे पाहिजेत. आणि मग आम्ही परत त्या थर्मामीटरपाशी. वहिनी कधीच आली नसती. तो आठवडाभर मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो भाकरी कुस्करायचा आणि ताट सारून उठायचा.

पुढच्या रविवारी वर्गात तात्या नव्हते. त्यांच्या जागी शेवंताबाई बसल्या होत्या. डस्टर मांडीवर. डोळे मिटून बसायला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी मिटलेही नाहीत.

मग शेवंताबाई म्हणाल्या, "मागल्या बारीला ज्याला ज्याला ऐकू आलं, त्यानं हात वर करा. तोंडातनं काय काढू नगा."

मी खाली बघत हात वर केला. मग वर बघितलं. सगळ्यांचे हात वर होते. आण्णाचाही.

"कुठनं आला आवाज?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या मागनं."

"न्हाई, माझ्या मागनं आला."

आम्ही गोल बसलेलो. प्रत्येकाच्या मागे वेगळी भिंत, खिडकीपाशी बसलेल्याच्या मागे नुसते गज. आणि प्रत्येकाला तो स्वतःच्याच मागून ऐकू आला होता.

"सोमवारी निघाला, त्योच?" शेवंताबाईंनी विचारलं. माना हलल्या.

"आन् तात्या?"

शेवंताबाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. अगदी हळू. "गेल्ते मी त्यांच्या घरी. दारात पेढ्याचा बॉक्स घिऊन उभा हुता म्हातारा. मला म्हंतोय, घे शेवंता, तोंड ग्वाड कर." मग म्हणाल्या, "मी घेतला न्हाई."

त्या दिवशी डस्टर का आपटलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

परतताना गाडी कराडला थांबली, तेव्हा मी आण्णाला विचारलं, "तू लावलास?"

"न्हाई."

"पण सोमवारी..."

"टपरीपतोर गेल्तो. उभा ऱ्हायलो. माघारी आलो." तो समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत होता. "बाळू, आकडा आला नसता तर लय बरं झालं असतं. आता जल्मभर वाटणार, लावला असता तर... तुला सांगतो, हरल्यावरबी असं वाटलं न्हवतं कवा."

मला शाबासकी द्यायची होती. मी त्याला खिडकीची जागा दिली. तो सरकून बसला, बाहेर बघत राहिला.

द्राक्षाची छाटणी चालू होती तेव्हा वहिनी परत आली. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. ट्रंक खाली ठेवून तिने आण्णाकडे नीट बघितलं आणि स्टोव्हला पिन मारायला बसली. तात्याही बऱ्याच महिन्यांनी बैठकीला आले. पार वाळले होते. दाराजवळच्या बाकावर बसले. शेवंताबाईंनी डस्टर पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "मी आज नवा हाय," म्हणाले. त्यांना कुणीतरी विचारलं, लागला तेव्हा कसं वाटलं? "धक्का बसल्यावर घर हालायचं थांबतं बघा, तसं. समदं थांबलं. अजून थांबलंयच."

मी खूप विचार केला. एखादी जोडी योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता मला काढता येते. ती फार लहानही नाही, रोज कुणा ना कुणाची लागतेच. पण वर्गभर माणसांना, एकाच क्षणी, ज्याच्या त्याच्या पाठीमागून... हे कुठल्या सूत्रात बसवायचं? आमच्या सरांना विचारणार होतो. विचारलं नाही. त्यांनी आधी हाच प्रश्न केला असता — कुठली जोडी?

आण्णाला ती माहीत आहे, मलाही माहीत आहे. आजवर आम्ही ती एकमेकांसमोर उच्चारलेली नाही.

पिंकी आता शाळेत जाते. संध्याकाळी उंबऱ्यात बसून पाढे म्हणते. एका पाढ्यात ती जोडी येते. ती जवळ आली की आण्णाच्या हातातलं काम थांबतं, पिंकी पुढे गेली की सुरू होतं. परवा पिंकी नेमकी तिथेच अडली.

"पप्पा, सांगा की."

आण्णा सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. त्याने मान वर केली नाही. "काकाला इचार."

"काका?"

माझ्याही तोंडून निघेना. आणि तेवढ्यात आण्णाच्या मागून आवाज आला. तीच जोडी. स्पष्ट.

आण्णा माझ्याकडे बघत होता. मागे वळला नाही. "ऐकलंस?"

"वहिनी हाय ती, आण्णा."

तेव्हा त्याने वळून बघितलं. खरंच वहिनी होती. हाताला पीठ, दारात उभी. "काय झालं? येवढं येत न्हाई व्हय तुमास्नी?"

पिंकी पुढचा पाढा म्हणायला लागली. आण्णाने ठिगळ अंगठ्याने दाबून धरलं, बराच वेळ.

काल मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने कॉलेजवरून आलो. पानटपरी लागत नाही असा. घरी आलो तर आण्णा आधीच आलेला. चपलांना त्याच लांबच्या रस्त्याची लाल माती.

परवाच्या त्या आवाजानंतर ती जोडी निघाली की नाही, मला माहीत नाही. आण्णालाही नाही.