घरमालकांना एक दुश्मन हवा होता

पिस्तूल न बाळगता पिस्तूलवाला म्हणून प्रसिद्ध झालेला माणूस सबंध पिंपरी-चिंचवडात एकच असेल, आणि माझं भाग्य असं की नोकरीची पहिली काही वर्षं मी त्यांच्याच खोलीत भाड्यानं राहिलो. तळवड्यातलं हे जुनं शेतकरी घराणं. जमीन कारखान्यांत आणि प्लॉटिंगमध्ये गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायचो. मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेलो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक आणि भरपूर भीती होती. मामांनी पहिल्याच दिवशी भीती निम्मी केली. आल्या-गेल्या पाहुण्याला ते मला बैलजोडी दाखवावी तसं दाखवायचे : "हे आमचे इंजिनेर. चाकणला असत्यात." उरलेली निम्मी भीती मात्र खुद्द मामांचीच होती, कारण त्यांचा राग फार प्रसिद्ध होता. पाण्याची मोटार कुणी पाच मिनिटं जास्त चालू ठेवली तर ते अंगणात उभं राहून जे बोलायचे ते आयटी पार्कच्या काचांपर्यंत जात असावं. दारात आडवी गाडी लावणाऱ्याला तर त्याच्या आजोबांपासून सुरुवात.

मामा आणि मामी रोज दिवेलागणीला फिरायला जात. नवरा-बायकोनं असं जोडीनं नुसतंच चालणं त्या भावकीत नवीन होतं आणि लोक हसायचे, पण ते जात. एकदा आयटी पार्कच्या मागच्या रस्त्यानं येताना दोन पोरं गाडीवरून आली. एकाच्या हातात कोयता. मामींचं गंठण ओढलं आणि गेली. पोलिसांत तक्रार झाली, गंठण मिळालं नाही. मामींनी दुसऱ्या दिवशी गळ्यात साधे काळे मणी घातले आणि विषय संपवला. मामांचा संपला नाही. खूप दिवसांनी, मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत असताना, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंजिनेर, ती हितंच होती, माज्या शेजारी. आन माजं पाऊलच उचललं न्हाई बगा." त्या दिवसापासून फिरणं बंद झालं. मामी कधी विचारायच्या, "आवं, जायचं का?" मामा म्हणायचे, "लायसन येऊ दे. मग जाऊ." मामांनी रीतसर परवान्याचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं होतं.

आता मामांनी एखादी गोष्ट घ्यायची म्हणजे ती कोथिंबिरीची जुडी असो की ट्रॅक्टर, दुकानदार आधी थकायचा. हत्यार निवडायला त्यांनी माझ्या मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि मला दुभाष्या केलं. एक जाडजूड गोरा माणूस अंगावर पिस्तूल लपवून कसं वागवायचं ते शिकवायचा. "काय म्हनतोय?" "म्हणतोय, दुकानात हातात चांगलं वाटलं म्हणून घेऊ नका. रोजच्या कपड्यांत, रोजची कामं करताना जवळ बाळगता येईल तेवढंच घ्या." "शाना हाय," मामा म्हणायचे. "पर ह्याला म्हनावं, पायजम्याला कुटं अडकवायचं?" त्या भल्या माणसाजवळ नाडीच्या पायजम्यावर तोडगा नव्हता. पुण्यातल्या बंदुकांच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा दुकानदारानं पिस्तूल दाखवून मॅगझिनचं कौतुक सुरू केलं. मामांनी वांगं दाबून बघावं तसं ते दाबून बघितलं आणि खाली ठेवलं. "ही नव्या गाड्यांसारकी. सेन्सर गेला की रस्त्यात हुबी. आमाला ट्रॅक्टरवानी पायजे." मग रिव्हॉल्व्हर आलं. नांगर धरून जाड झालेलं त्यांचं बोट पहिल्याच्या घोड्यापाशी शिरेना. दुसऱ्यात शिरलं. मामांचा चेहरा जावयाला घेतलेला जोडा मापाचा निघाल्यासारखा उजळला. "हेच." वजन पाऊण किलोच्या आसपास, असं दुकानदार म्हणाला, आणि परवाना आणा म्हणाला.

परवाना येईपर्यंत दुसरा एखादा माणूस गप्प बसला असता. मामांनी मात्र ओळखीच्या वर्कशॉपमधून त्याच वजनाचा एक लोखंडी ठोकळा कापून आणला. नुसता चौकोनी ठोकळा, कडा घासलेला. "वज्‌नाची सवय आदी, हत्यार मागनं." पहिल्यांदा तो त्यांनी चामड्याच्या पाकिटात घालून नाडीला अडकवला आणि भाच्याच्या हळदीत नाचणाऱ्यांना आशीर्वाद द्यायला दोन्ही हात वर केले, तेव्हा पायजम्यानं आपली जागा सोडली. त्यानंतर मामींनी त्यांच्या बंडीला डाव्या बरगडीशी आतून चोरखिसा शिवून दिला, दुहेरी कापडाचा, आणि तो प्रश्न कायमचा सुटला. फक्त मामा डावीकडे जरा झुकून चालू लागले. ठोकळा लपलेला असायचा, पण तो असल्याचं सगळ्या गल्लीला माहीत होतं. किराणावाला विचारायचा, "मामा, माल हाय ना जवळ?" मामा गंभीरपणे म्हणायचे, "ते सांगायचं नसतं." पिंपरीला मेट्रोत शिरताना यंत्र ओरडलं आणि तिथल्या मुलीनं ठोकळा बाहेर काढला. "काका, हे काय आहे?" "ठोकळा." "कशासाठी?" "सवय लावतोय." "कसली?" मामांनी माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाले, "ते सांगायचं नसतं." आम्ही रिक्षानं घरी आलो.

त्यांची तयारी इतक्यावर थांबत नव्हती. लग्नात ते पंगतीच्या अगदी टोकाला, दरवाजा दिसेल असे बसायचे. वाढपी तिथवर येईपर्यंत जिलेबी संपलेली असायची, पण दरवाजावर नजर असायची. उजवा हात मोकळा राहिला पाहिजे, असं त्या गोऱ्या माणसानं सांगितल्यामुळे पिशवी डाव्या हातात, चहाचा कप डाव्या हातात, मोबाइल डाव्या कानाला. एकदा देवळात त्यांनी तीर्थाला डावा हात पुढे केला. मामींनी सगळ्यांदेखत त्यावर फटका मारला. "तीर्थ डाव्या हातानं? ह्ये कुनी शिकिवलं, त्या गोऱ्यानं?" मामांनी थोडा विचार करून देवळापुरती सूट जाहीर केली.

हे सगळं ऐकून त्यांच्या ओळखीचे देहूरोडचे एक निवृत्त सुभेदार भेटायला आले. मामांनी ठोकळा काढून समोर ठेवला. सुभेदारांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "वजन कमरेला नसतं मामा, डोक्याला असतं. उद्या खरं हत्यार आलं आणि दारात कुणी गाडी आडवी लावली, तर काय कराल?" "शिव्या घालीन." "मग तो अंगावर आला तर? तो कॉलर धरणार, तुमचा हात बंडीत जाणार. झालं, दोन घरं बसली. हत्यार बाळगायचं असेल तर प्रत्येक भांडण हरायची तयारी पाहिजे. चूक समोरच्याची असली तरी. जमेल?" आतून मामींचा आवाज आला, "जमायचं न्हाई."

पण मामांनी ते जमवलं! मी माझ्या आयुष्यात बरीच शिकलेली माणसं पाहिली, पण स्वभाव बदलायला बसलेला असा माणूस पाहिला नाही. ठोकळा बंडीत गेला की मामा भांडण हरायचे. आडवी गाडी दिसली की ते डाव्या बरगडीवर हात ठेवून दीर्घ श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "भावा, जरा बाजूला घेतोस का? सावकाश घे." लोक घाबरायचे. त्यांना वाटायचं मामांची तब्येत बिघडली. पाण्याची मोटार अर्धा तास चालू राहिली तरी मामा दार वाजवून विचारायचे, "भरलं का पानी? मग बंद करू का?" बीडहून आलेला आमचा एक शेजारी फोर्कलिफ्ट चालवायचा. तो एकदा मला म्हणाला, "सर, मामा असं गोड बोलाय लागल्यापासून मला पाणी वाया घालायची लाजच वाटायलीय बघा." हळूहळू लोकांची भीती गेली आणि गल्लीत मामांचं नाव देवमाणूस पडलं.

आणि इथंच सगळं फिसकटलं. अर्ज केल्यावर पोलीस चौकशीला येतात आणि विचारतात, की या गृहस्थाच्या जिवाला कुणापासून धोका आहे? धोका नसेल तर परवाना नाही. माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून मी घरीच होतो. हवालदार ओट्यावर बसले. "गंठणचोरीची तक्रार आहे, ते ठीक. पण वैर वगैरे? कुणी मागावर आहे?" सगळे भाडेकरू गोळा झाले होते आणि सगळ्यांना वाटत होतं की आज मामांचं चांगलं केलं पाहिजे. किराणावाला म्हणाला, "मामांना दुश्मन? साहेब, देवमाणूस!" फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "मामा तर मोटारीचं बटणबी विचारून दाबतेत, साहेब. कोण मारंल त्यांना?" मी मामांच्या खुणा ओळखल्या आणि घाईनं म्हणालो, "पण साहेब, सांगता येत नाही," तर किराणावाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळलो. मामा घामाघूम झाले होते. हवालदार म्हणाले, "अहो मामा, एक तरी नाव सांगा."

"हाय ना!" मामा उभेच राहिले. "हितं समोरच ऱ्हातो."

समोर त्यांचे चुलतभाऊ राहायचे. दोघांत बांधावरून वैर होतं. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना मिळून आता एकाच कंपनीचं गोदाम उभं होतं, बांध कुठं होता हे दोघांनाही दाखवता आलं नसतं, पण वैर शाबूत होतं. इतकी वर्षं समोरासमोर राहून दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढलेला नव्हता. हवालदारांनी त्यांना बोलावलं. ते खांद्यावर टॉवेल टाकून रस्त्याच्या पलीकडेच उभे राहिले.

"यांच्याशी तुमचं वैर आहे?"

"हाय."

मामांनी विजयानं आमच्याकडे पाहिलं.

"बोलणं?"

"न्हाई. बोलनार बी न्हाई."

"कधी धमकी दिलीत? मारायची वगैरे?"

चुलतभावानं मामांकडे बघितलं. मग दारात उभ्या मामींकडे, त्यांच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे. "साहेब," ते म्हणाले, "त्याच्या अंगाला हात लावायची कुनाची टाप हाय? मी समोर ऱ्हातो. मी काय मेलोय का?"

हवालदारांनी फाइल मिटली, चहा मागितला आणि म्हणाले, "मामा, असे दुश्मन सगळ्यांना मिळाले तर आमची चौकी बंद पडेल."

पोलीस गेल्यावर मामा ओट्यावर कपाळाला हात लावून बसले. "इतकी वर्सं तोंड उगडलं न्हाई त्यानं," ते म्हणाले, "आन उगडलं ते नेमकं आजच!"

यथावकाश नकार आला. त्या संध्याकाळी मी कामावरून परतलो तर मामी चपला घालून अंगणात उभ्या होत्या. "लायसन येत न्हाई म्हनत्यात," त्या मला म्हणाल्या, पण आवाज घरात पोचेल असा. "मग मी काय जलमभर घरात बसू? मी चालले. कुनाला यायचं आसंल त्यानं यावं." आणि खरंच निघाल्या. मामा उंबऱ्यात आले. एक हात चौकटीवर होता. मामी गल्लीच्या टोकाला पोचल्या, वळल्या, दिसेनाशा झाल्या, आणि मामा तसेच. ते क्षण मला फार लांब वाटले. मला वाटलं, आता हा माणूस परत आत जाईल आणि मग कधीच बाहेर येणार नाही. मग त्यांनी पाय उचलला. चप्पल घालायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते वळणापर्यंत गेले असतील नसतील, तोच समोरच्या घराचं दार उघडलं, चुलतभाऊ बाहेर आले, टॉवेल झटकला, आणि बेताचं अंतर ठेवून त्याच रस्त्यानं चालू लागले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी मामांना विचारलं, "समोरचे काका पण येतात का फिरायला?" मामा म्हणाले, "आमी बोलत न्हाई. रस्ता काय माज्या एकट्याच्या बापाचा हाय?"

आता मी चऱ्होलीला फ्लॅट घेतला आहे. आमच्या इमारतीला फाटकावर पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत, आणि शेजाऱ्यांची नावं मला अजून नीट माहीत नाहीत. मध्यंतरी तळवड्याला गेलो होतो. दिवेलागणीची वेळ झाली तशी मामी म्हणाल्या, "चला, तुमी बी चला." गोदामाच्या भिंतीकडेनं आम्ही निघालो. मामा फारच सावकाश चालत होते, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखे. वयानं थकले असतील असं वाटून मला वाईट वाटलं. म्हटलं, "मामा, दमलात का? बसू या जरा."

"मी कशाला दमतोय?" मामा म्हणाले, आणि मागे न बघता, अगदी हळू आवाजात, "त्याचा गुडगा दुकतोय."

मी मागे पाहिलं. चुलतभाऊ एका पायावर भार देत येत होते. मी बघतोय हे दिसताच ते थांबले आणि गोदामाच्या भिंतीवर काहीतरी लिहिलं असावं तसे ती वाचू लागले. मामाही थांबले, चप्पल नीट करायच्या निमित्तानं. अंधार पडत आला होता. मामी मात्र आपल्याच नादात केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या, रस्त्याच्या पार त्या टोकाला, एकट्या, आणि मामांनी एकदा तिकडे पाहिलं, पण त्यांना हाक मारली नाही.