डाव्या हाताचा करडा हातमोजा

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखी राहून जाईल: मी एकदा ऑफिसच्या लोकांसमोर माझ्या साडूंना ओळख दिली नाही. आणि साडू म्हणजे ओळखू न येणारा माणूस नव्हे. आल्प्समधला एखादा अख्खा डोंगर धुक्यात दिसेनासा होईल, पण माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कुठल्याही हवेत, कितीही लांबून दिसतात. डोक्याला माकडटोपी, पाठीला मुलीचं जुनं गुलाबी दप्तर, दप्तरात साताऱ्याहून आणलेला स्टीलचा डबा आणि गळ्यात सुतळीला अडकवलेले आठ-दहा हातमोजे, त्यातल्या एकालाही जोडीदार नाही.

म्युनिकमधला मराठी माणूस आल्प्सला जातो, बर्फात फोटो काढतो, घरच्या ग्रुपवर टाकतो आणि भारतातून पाहुणे आले की पुन्हा तेच करतो. साडू दर महिन्याला जायचे, हिवाळा असो की उन्हाळा, त्याच एका गावाला, सकाळच्या पहिल्या गाडीने. पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही पायाला स्की बांधली नाही. नोकरी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात, त्यामुळे जीव सगळा रोपवेवर. खालच्या स्टेशनात ते आधी त्या मोठ्या चाकापाशी कान देऊन उभे राहायचे, डॉक्टरने छातीला नळी लावावी तसे, आणि लिफ्टवाल्याला (रोपवेला तिथे लिफ्टच म्हणतात) सांगायचे, "आज बेअरिंग कुरकुरतंय तुमचं." लिफ्टवाला पहिली दोन वर्षं हसला. तिसऱ्या वर्षी बेअरिंग खरोखरच बदलावं लागलं, तेव्हापासून तो त्यांना कॉफी पाजायला लागला.

उन्हाळ्यात तर त्यांच्या अंगात यायचं. स्कीचं गाव जुलैत मांडव उतरवलेल्या लग्नघरासारखं दिसतं: हॉटेलं अर्धी बंद, लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या, उतारावर गाई. साडूंना हेच आवडायचं. "हिवाळ्यात काय, पावडर लावलेली नवरी बघायची. डोंगर बघायचा तर आत्ता बघ," असं म्हणून ते गवतात विसावलेल्या बर्फ फेकायच्या यंत्रावर थाप मारायचे. त्या यंत्राचं नाव त्यांनी, जंजिऱ्यावरच्या तोफेवरून, कलालबांगडी ठेवलं होतं. मग खुर्च्यांच्या बरोबर खालून, खांबामागून खांब, मान खाली घालून डोंगर चढायला सुरुवात. कारण लोकांच्या हातून हिवाळाभर जे जे खाली पडतं ते बर्फ वितळल्यावर तिथेच मिळतं. काठ्या, गॉगल, टोप्या, आणि मुख्य म्हणजे हातमोजे. एकदा कवळी मिळाली. ती घेऊन ते हरवल्या-सापडल्याच्या कचेरीत गेले. जर्मनीत फॉर्म भरल्याशिवाय कुणाची कवळीसुद्धा परत करता येत नाही. 'मालकाविषयी काही माहिती असल्यास' या रकान्यात साडूंनी लिहिलं, 'सध्या मऊ भात खात असावा.'

हातमोजे मात्र ते कचेरीत देत नसत. ते घरी यायचे, धुतले जायचे, बाल्कनीत वाळायचे (वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं होतं की हा तुमचा कुठला सण?) आणि तळघरात 'डावे' आणि 'उजवे' अशा दोन खोक्यांत जायचे. "अहो, घरात माणसं तीन, हात सहा आणि मोजे साठ! बाकीचे हात कुठून आणू?" असं मेहुणीबाई विचारायच्या. पुढच्या हिवाळ्यात साडू ते सगळे रोपवेच्या खालच्या स्टेशनासमोरच्या कुंपणावर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचे, आणि दिवसभर आल्यागेल्याला विचारायचे, तुमचा यात आहे का? त्यांची मुलगी मराठी सगळं समजते, पण बोलते जर्मन. ती एवढंच म्हणायची, "पापा, दास इस्ट पाइनलिश." लाज वाटते, असा अर्थ. पोरगी निदान तोंडावर म्हणायची.

मी एकदा विचारलं होतं, की एवढा खटाटोप कशाला, एक मोजा हरवलेला माणूस नवीन जोडी घेतो. ते म्हणाले, "तेच तर. एक हरवला की दुसराही टाकून देतात. त्या दुसऱ्याचा काय दोष रे?"

मी स्की शिकलो होतो. चाळिशी उलटल्यावर, सहा-सहा वर्षांच्या जर्मन पोरांच्या रांगेत उभा राहून, त्यांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करत शिकलो, कारण ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे स्कीबद्दल बोलायचे आणि मी कॉफीचा कप धुवायचो. त्या जानेवारीत आमच्या टीमची सहल नेमकी साडूंच्या गावाला ठरली. मी त्यांना कळवलं नाही. टीमलीडची जागा रिकामी होणार होती, साहेब बरोबर येणार होते, आणि त्या दिवशी मला जमेल तितकं टीममधल्या जर्मनांसारखं दिसायचं होतं. सकाळीच लिफ्टमधून फोटो काढताना माझा डावा हातमोजा सुटून खाली गेला. करडा, मनगटाला लाल पट्टी. मी हात खिशात घातला आणि कुणाला सांगितलं नाही.

दुपारी आम्ही वरच्या हॉटेलच्या गच्चीवर उन्हात बसलो होतो, तेव्हा पायवाटेने साडू आले. तीच टोपी, तेच दप्तर, तीच माळ. प्रत्येक टेबलापाशी थांबत, वाकून विचारत येत होते. आमचे साहेब म्हणाले, "हा काय, हातमोजे विकतोय? तुझ्या देशातला दिसतो. ओळखतोस का?" टेबल हसलं. मीही हसलो. "छे," मी जर्मनमध्ये म्हणालो, "मी नाही ओळखत."

तोवर साडू दोन पावलांवर आले होते. मला पाहून त्यांचा हात वर गेलेला होता, चेहरा फुललेला होता आणि तोंडात 'अरे' तयार होता. पंचवीस वर्षं या देशात राहिलेल्या माणसाला तेवढं जर्मन कळतं. हात हळूच खाली आला. मग त्यांनी माळेतला एक मोजा सोडवला, सगळ्या टेबलाला दाखवला आणि परक्याशी बोलावं तशा अदबीने जर्मनमध्ये विचारलं, "लिफ्टखाली सापडला. तुमच्यापैकी कुणाचा आहे का?" करडा, मनगटाला लाल पट्टी. सगळ्यांनी आपापले हात दाखवले. मी खिशातला हात काढला नाही. नुसती मान हलवली. साडूंनी माझ्या खिशाकडे पाहिलं. "मग कुंपणावर लावतो," म्हणाले, आणि गेले. संध्याकाळी खाली उतरल्यावर मी सगळ्यांबरोबर त्या कुंपणासमोरून चालत गेलो. माझा मोजा तिथे होता, दोन चिमटे लावून. बोटं बधिर झाली होती, तरी मी थांबलो नाही.

टीमलीडची जागा मला मिळाली.

त्या सहलीनंतर चारच दिवसांनी संक्रांत होती. हा माणूस येणार नाही असं मला वाटलं होतं, किंवा न येवो असं. ते आले. मेहुणीबाईंचे लाडू नेहमीप्रमाणे बॉलबेअरिंगसारखे होते आणि साडूंनी नेहमीप्रमाणे तसं म्हणूनही घेतलं. मग माझ्या तळहातावर लाडू ठेवत म्हणाले, "तिळगूळ घे, गोड बोल." आणि वर जोडलं, "नुसतं बोललास तरी चालेल." माझी बायको खळखळून हसली, "दाजी, हे आणि बोलणार!" मी लाडू तोंडात टाकला. तेवढ्यापुरती सोय झाली.

मागच्या वर्षी साडू निवृत्त झाले आणि साताऱ्याला परत गेले. तळघर रिकामं करायला मला बोलावलं होतं. खोकी कुठल्याशा संस्थेला द्यायची ठरली होती. मी 'उजवे' उचलून गाडीत ठेवून आलो तर ते हातात एकच मोजा घेऊन उभे. धुतलेला, घडी नीट घातलेला. "हा अख्खा हिवाळा कुंपणावर होता, कुणी नेला नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काय करू याचं? टाकू?"

मला फक्त हात पुढे करायचा होता.

"तुम्हीच ठरवा," मी म्हणालो. त्यांनी तो खोक्यात टाकला नाही. कोटाच्या खिशात ठेवला, आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"

आता त्यांचा रविवारी फोन येतो. कासच्या पठारावरची फुलं संपली, गर्दी ओसरली की ते पहिल्या एसटीने वर जातात. "आता कुठे बघण्यासारखं झालंय," म्हणतात. तिथे लोकांच्या चपला मिळतात म्हणे, एकेक. परवा विचारत होते, "तिकडे बर्फ पडला का रे?" मी म्हटलं, पडला. मग बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

उजवा मोजा माझ्या कपाटात आहे. तो मी टाकलेला नाही. डावा माझाच होता, आणि त्या गच्चीवर तुम्ही मला हाक मारणार होतात ते मी पाहिलं होतं, एवढं सांगण्याचं मी साडूंना देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.